वसंतऋतू आणि मुलांची ज्ञानेंद्रिये



फाल्गुन सरत आला की शाळेच्या आवारातील पिंपळाची जुनी पाने गळू लागतात आणि थोड्याच दिवसांत त्याच फांद्यांवर तांबूस, लुसलुशीत पालवी दिसू लागते. वर्गात त्याच सुमारास वसंताचे वर्णन चालू असते. "झाडांस नवी पालवी फुटते, सुगंधी फुले फुलतात, कोकिळा गाते," ही वाक्ये मुले पाठ करतात, निबंधात उतरवितात आणि त्यांस गुणही मिळतात. ज्या खिडकीतून ती पालवी दिसते, तिच्याकडे पाठ करून हे सर्व चालावे, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

प्रस्तुत लेखकाच्या हातून पुष्कळ वर्षांपूर्वी घडलेली एक चूक येथे सांगणे अस्थानी होणार नाही. चौथीच्या वर्गास 'वसंत' या विषयावर निबंध लिहावयास दिला होता. धनगरवाड्यावरून येणाऱ्या एका मुलाने चारच ओळी लिहिल्या. काळा पक्षी कुहू करतो, त्याची मादी ठिपक्याठिपक्यांची असते, ती गात नाही, नुसती किक् किक् करते, असे त्यांत होते. आम्ही त्यावर तांबड्या शाईने काट मारली आणि 'कोकिळा गाते' अशी दुरुस्ती करून दिली. मुलाने वही मुकाट्याने नेली. पुढे पक्ष्यांविषयीचे एक पुस्तक वाचण्यात आले, तेव्हा कळले की मुलाचा शब्द न् शब्द खरा होता. कुहू कुहू अशी साद घालतो तो काळाभोर, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी, पांढुरक्या ठिपक्यांची असते आणि तिचा आवाज निराळा, तुटक असतो. हे कळेपर्यंत तो मुलगा शाळा सोडून मेंढरांमागे गेला होता.

एका पक्ष्याविषयी चुकीची माहिती दिली गेली, एवढ्यापुरतीच ही चूक नव्हती. आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले छापील वाक्यापुढे कमी मोलाचे असते, असा धडा त्या मुलाने आमच्याकडून घेतला. वास्तविक पुस्तकातील ज्ञानही कोणीतरी लक्षपूर्वक पाहिले, ऐकले, म्हणूनच पुस्तकात आले. म्हणून सृष्टिनिरीक्षणाचा पहिला नियम असा सांगता येईल की, इंद्रियांची साक्ष आधी घ्यावी आणि पुस्तक मागाहून उघडावे.

कोठून आरंभ करावा?

वसंतपंचमी माघात येते, पंचांगातील वसंतऋतू चैत्र-वैशाखात असतो, आणि झाडे तर आपापल्या गतीने फुलतात. कोकणातील पळस आणि वऱ्हाडातील पळस एकाच दिवशी फुलेल असे नाही. म्हणून माघ संपताच शाळेजवळचे एक झाड निवडावे. आंबा, पळस, कडुनिंब, पिंपळ, करंज, यांपैकी जे असेल ते चालेल. आठवड्यातून दोनदा, सकाळी ऊन चढण्यापूर्वी, दहा मिनिटे मुलांस त्याच झाडाखाली न्यावे. पहिली दोन-तीन मिनिटे कोणीही बोलू अगर हलू नये. माणसांची चाहूल लागून दूर गेलेले पक्षी शांतता झाली की हळूहळू परत येतात, हे मुलांस आपोआप कळून येते.

डोळे आणि नाक

"पालवीचा रंग कोणता?" असे विचारल्यास बहुतेक मुले सवयीने "हिरवा" म्हणतात. पिंपळाचे किंवा आंब्याचे कोवळे पान हाती देऊन तोच प्रश्न पुन्हा विचारावा. ते तांबूस असते. सह्याद्रीतील कुसुंबाची पालवी तर इतकी लाल असते की, दुरून झाड फुलल्याचा भास होतो. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरते तयार झालेले नसते आणि तांबडे रंगद्रव्य अधिक असते. हे रंगद्रव्य नाजूक पानाचे प्रखर उन्हापासून रक्षण करते, असे शास्त्रज्ञ मानतात. परंतु हे स्पष्टीकरण मुलांनी रंग पाहिल्यावर आणि "असे का?" हा प्रश्न त्यांच्याच तोंडून आल्यावर सांगावे.

नंतर गळून पडलेले पळसाचे फूल प्रत्येकाने नाकाशी धरावे. निबंधात प्रत्येक फूल सुगंधी असते. या फुलास मात्र जाणवण्याजोगा वास नाही. आता कडुनिंबाचा बारीक, पांढुरका फुलोरा हुंगावयास द्यावा. त्याचा मंद, मधुर वास लगेच ओळखू येतो. दिवेलागणीस घराजवळच्या निंबाखाली उभे राहून तोच वास पुन्हा घ्यावा आणि काय फरक वाटला ते दुसऱ्या दिवशी सांगावे, असे मुलांस सुचवावे. पळसास वास का नाही, याचे उत्तर पळसाखालीच मिळते. तेथे मैना, पोपट, सातभाई, शिंजीर यांची मधासाठी गर्दी असते आणि त्यांच्यामार्फत परागांची ने-आण होते. पक्षी बहुधा रंगाने ओढले जातात, म्हणून निष्पर्ण फांद्यांवर केशरी ज्वाळांसारखी फुले पुरेशी होतात. निंबाच्या लहान फुलांवर मधमाश्या येतात. त्यांस वास ही मोठी खूण असते. रंग, वास आणि पाहुणा यांचे नाते असे एकाच सकाळी उलगडते.

एक सूचना मात्र आहे. सतत हुंगत राहिल्यास नाक थकते आणि वास नाहीसा झाल्यासारखा वाटतो. थोडे दूर जाऊन परत आल्यावर तो पुन्हा जाणवतो. याचाही अनुभव मुलांस द्यावा.

कान

मुलांनी डोळे मिटून पाच मिनिटे बसावे आणि ऐकू येणाऱ्या प्रत्येक निराळ्या आवाजास एक बोट मिटावे. मागाहून सर्वांत जवळचा आवाज कोणता, सर्वांत दूरचा कोणता, कोठल्या दिशेचा, हे विचारावे. उन्हे तापू लागली की ठोक्यासारखा टुक् टुक् असा एकसुरी आवाज येतो. तो तांबट पक्ष्याचा. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा तो आवाज असल्यामुळे हे नाव पडले. पक्षी दिसल्यास त्याची चोच पाहावी. आवाज करताना ती मिटलेली असते आणि गळा मात्र फुगतो. आधी ऐकून मग शोधलेला पक्षी मुले सहसा विसरत नाहीत.

त्वचा आणि जीभ

तीन भांडी घ्यावीत. एकात माठातील गार पाणी, दुसऱ्यात सोसेल असे ऊन पाणी आणि तिसऱ्यात कोमट पाणी असावे. एक हात गार पाण्यात व दुसरा ऊन पाण्यात थोडा वेळ ठेवून दोन्ही एकदम कोमट पाण्यात घालावेत. तेच पाणी एका हातास ऊन, दुसऱ्यास गार लागते. इंद्रिये खरी साक्ष देतात, पण ती तुलनेने देतात. म्हणून पुन्हा पाहणे व दुसऱ्याच्या अनुभवाशी पडताळणे अवश्य असते, ही महत्त्वाची गोष्ट यातून ध्यानी येते.

चवीसाठी पाडव्याचा कडुनिंब आणि नवी कैरी पुरेशी आहेत. अनोळखी फळ, बी अथवा पान तोंडात घालावयाचे नाही, अशी सक्त ताकीद आरंभीच द्यावी. मोगली एरंडाच्या बिया, धोत्रा आणि कण्हेर ही विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यांस अपाय करतो. याच दिवसांत खाजकुइलीच्या शेंगा वाळून तिची कुसे उडतात. या वनस्पती शिक्षकाने आधी स्वतः हेरून ठेवाव्यात.

ऋतुपत्रक

या कामास खर्चाची साधने लागत नाहीत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, ते १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंतूनच बालशिक्षण उभे केले. आपणांस एक जाड कागद पुरेल. त्यावर तारीख, काय पाहिले अथवा ऐकले, आणि कोणी, अशा तीन रकान्यांत मुलांच्या शब्दांत नोंदी कराव्यात. मुलाने झाडाचे वा पक्ष्याचे घरच्या बोलीतील नाव सांगितल्यास ते खोडू नये. प्रमाण नाव शेजारी लिहावे. शुद्धलेखनाची चूक अवश्य सुधारावी. परंतु निरीक्षण चुकीचे वाटल्यास लेखणी न उचलता मुलासह पुन्हा झाडाखाली जावे. पत्रके दरवर्षी जपून ठेवल्यास पाच-सात वर्षांत आपल्या गावच्या वसंताचा असा वृत्तान्त तयार होईल, जो कोठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

या तासास आणखी एक फळ येते. गणितात मागे पडणारा, वाचताना अडखळणारा, रानातून वा वाडीवरून येणारा मुलगा येथे पुष्कळदा सर्वांच्या पुढे असतो. वर्गापुढे उभे राहून काही सांगण्याची त्याची ही कदाचित पहिलीच वेळ असेल. त्याचे ऐकून घ्यावे, पत्रकावर त्याचे नाव लिहावे, आणि आपणांस ठाऊक नसलेले त्याने सांगितले तर "हे मला माहीत नव्हते" असे वर्गासमोर म्हणावे. त्याने शिक्षकाचा मान उणावत नाही, आणि ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येते.