हवाई एनसीसीची वाटचाल

राष्ट्रीय छात्र सेनेचा, म्हणजेच एनसीसीचा, हवाई विभाग १ एप्रिल १९५० रोजी मुंबई आणि कोलकाता येथील एकेका एअर स्क्वाड्रनने सुरू झाला. मूळ संघटना तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या अहवालावरून १९४८च्या एप्रिलमध्ये कायदा झाला आणि १५ जुलैला संघटना उभी राहिली. ब्रिटिश अमदानीतली युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर विद्यापीठांपुरतीच होती. नव्या कायद्याने शाळांनाही दार उघडले आणि १९४९ मध्ये मुलींचा विभाग निघाला. हा पाया पुढे टिकला, हे या संघटनेचे मोठेच यश.

सदस्यत्व मात्र अनेकदा बदलत गेले. १९६२च्या चीन युद्धानंतर, १९६३ पासून, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली. संख्या फुगली, पण शिकवणारे अपुरे पडले; १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली आणि ते योग्यच झाले. आज शाळेतला कॅडेट ज्युनियर डिव्हिजनमध्ये दोन वर्षे आणि कॉलेजमधला सीनियर डिव्हिजनमध्ये तीन वर्षे काढतो. मुलींसाठी त्यांनाच ज्युनियर व सीनियर विंग म्हणतात. ज्या शाळा-कॉलेजात युनिट आहे तिथेच नाव घालता येते. इच्छा असूनही हवाई विभाग न मिळण्याचे खरे कारण हेच असते: एअर स्क्वाड्रन मोजकी. महाराष्ट्रात ती मुंबई, नागपूर आणि पुण्यात आहेत.

कॅडेटची रँक हवाई दलाच्या नावांशी मिळतीजुळती असली तरी ती हवाई दलाची रँक नव्हे. साध्या फ्लाइट कॅडेटपासून लीडिंग फ्लाइट कॅडेट, कॉर्पोरल, सार्जंट, वॉरंट ऑफिसर, अंडर ऑफिसर आणि शेवटी सीनियर अंडर ऑफिसर अशी चढण आहे. हजेरी, ड्रिल, कॅम्पमधली कामगिरी आणि सोबतच्यांना सांभाळण्याची हातोटी पाहून रँक मिळते. वरच्या जागा थोड्या असल्याने अंडर ऑफिसरची फीत खांद्यावर चढणे ही साधी गोष्ट नाही. कॅडेटच्या वर असतो तो प्रशिक्षित शिक्षक किंवा प्राध्यापक, म्हणजे असोसिएट एनसीसी ऑफिसर (एएनओ). शाळेत तो थर्ड ऑफिसरपासून सुरुवात करतो, कॉलेजच्या हवाई युनिटमध्ये फ्लाइंग ऑफिसर म्हणून. पुरुष एएनओंची अकादमी नागपूरजवळ कामठीला आहे. ती आधी पुरंदरवर होती.

प्रशिक्षणाचा कणा परेड, रायफल आणि नकाशावाचन. त्यावर हवाई विभागाने उड्डाणाची तत्त्वे, हवामान, विमानाची रचना आणि एरोमॉडेलिंग यांची भर घातली. कंट्रोल लाइन मॉडेल उडवताना कॅडेट वर्तुळाच्या मध्यभागी उभा राहतो, हातात मूठ असते आणि मुठीपासून मॉडेलपर्यंत दोन तारा ताणलेल्या. मूठ वर झुकवली की मॉडेलचे नाक वर, खाली झुकवली की खाली. एलिव्हेटर म्हणजे काय, हे फळ्यापेक्षा मनगटालाच आधी कळते. पूर्वी ग्लायडरलाही मान होता: विंचच्या केबलने ओढून घेऊन तो वर नेला जाई आणि केबल सुटली की पुढे फक्त वारा.

पुढे मायक्रोलाइट आले. आधी झेनएअर आणि मग गेल्या दशकात ८० अश्वशक्तीचे पिपिस्ट्रेल व्हायरस. २०१५च्या करारातल्या १९४ विमानांपैकी ११० एनसीसीसाठी होती. शेजारीशेजारी दोन आसने असल्याने प्रशिक्षक कॅडेटच्या बाजूलाच बसतो. तरीही प्रत्येकाच्या वाट्याला येणारा हवेतला वेळ थोडाच, ही या विभागाची जुनी अडचण आहे.

परीक्षांत शाळेत ‘ए’, कॉलेजात दुसऱ्या वर्षी ‘बी’ आणि तिसऱ्या वर्षी ‘सी’ सर्टिफिकेट मिळते. त्यासाठी ७५ टक्के हजेरी आणि कॅम्प लागतो. हवाई विभागाच्या ‘सी’ सर्टिफिकेटधारकांना हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेत एनसीसी स्पेशल एंट्रीने अर्ज करता येतो. लेखी परीक्षा टळते, पण एसएसबी, म्हणजे निवड मंडळाची मुलाखत, आणि वैद्यकीय तपासणी टळत नाही.

१५ ऑगस्ट २०२० रोजी सीमावर्ती व किनारी जिल्ह्यांत एक लाख नवे कॅडेट घेण्याची घोषणा झाली. त्यात एक तृतीयांश मुली असतील असे ठरले. हवाई दलाच्या तळांजवळच्या भागांत प्रशिक्षणाचा भार हवाई दलाकडे देण्यात आला.