तीन मशीन, एक फेरी

सकाळी 10.10
साताऱ्यात पोवई नाक्याजवळची अभ्यासिका. सराव चाचण्यांसाठी तीन जुने संगणक, उबुंटू 22.04 वर. वायफायचे डोंगल अभ्यासिकेच्या ताईंनी ऑनलाइन मागवले, साडेचारशेला एक. एकही चालेना. दुरुस्तीवाला आलाय. फेरीचे 400, पेट्रोल त्याचं.

10.20
डोंगल लावला. टर्मिनलच्या यादीत वायफाय नाहीच, सीडी ड्राइव्ह दिसतोय. विंडोजचा ड्रायव्हर पोटात घेऊन आलेले हे डोंगल आधी डिस्क असल्याचं सोंग घेतात. यूएसबी-मोडस्विचने सोंग उतरवलं. खाली रियलटेक 8821सीयू. याचा ड्रायव्हर कर्नल 6.2 पासून आतच मिळतो; इथे 5.15.

"सिस्टिम बदलू नका हं दादा, पोरांची परीक्षा तोंडावर आलीय."

मग सोर्सवरून बांधणं आलं.

10.40
नेट नाही म्हणून ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर बांधायला नेट हवं. त्याने स्वतःचा फोन केबलने जोडला. डेटाही त्याचाच. कंपायलर, डीकेएमएस, कर्नलचे हेडर. हेडर चालू कर्नलचेच लागतात, शेवटच्या आकड्यापर्यंत.

11.05
मेक. ओळी सरकू लागल्या, पंखा घरघरू लागला. रॅम 4 जीबी, घाई करून उपयोग नाही. चहा आला. वॉर्निंगच्या ओळी जातात, तो बशीत ओततो. एरर आली तरच मान वर.

11.30
बांधणी बिनचूक झाली. तेच काम आता डीकेएमएसच्या हवाली केलं, म्हणजे कर्नल अपडेट झाला की ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधला जाईल. एवढ्यासाठी परत फेरी नको. (फेरीवर पोट असणाऱ्याने हे करावं, हे मला विशेष वाटलं.)

11.45
मॉड्यूल लोड होईना. सिक्युअर बूट चालू आहे. मॉड्यूलवरची सही मशीन ओळखत नाही. सहीची किल्ली नोंदवायला पासवर्ड ठरवून रीस्टार्ट. निळी स्क्रीन आली. दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर ती निघून जाते. बोट आधीच कीबोर्डवर होतं. वायफाय दिसलं.

12.10
पॅकेजं आणि सोर्स पेनड्राइव्हवर. उरलेली दोन्ही मशीन एकदमच लावली.

12.50
"पहिल्याला दोन तास लागले, या दोघांना मिळून पाऊण तासही नाही. मग फेरीचेच द्यायचे ना?"

"फेरीचे चारशे ताई. वरच्या दोन मशीनचे दीडशे-दीडशे."

साडेसहाशेवर मिटलं. फोनवर पैसे आल्याचं वाजलं तोवर त्याने बॅग भरली होती. दीडला कोरेगावात एक प्रिंटर आहे.