वाड्यातले खून आणि चाकरांचे मरण

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात, गोदाकाठी राक्षसभुवन आहे. तेथे 10 ऑगस्ट 1763 रोजी माधवराव पेशवा आणि त्याचा चुलता रघुनाथराव यांनी मिळून निजामाच्या फौजेचा पराभव केला. दहा वर्षांनी, 30 ऑगस्ट 1773 रोजी, माधवरावाचा धाकटा भाऊ नारायणराव शनिवारवाड्यात गारद्यांच्या तलवारींनी मारला गेला. प्राण वाचवण्यासाठी त्याने मिठी मारली होती ती याच चुलत्याला.

हे नवल नव्हे. जेथे गादी जन्माने मिळते तेथे सख्खा भाऊबंदच पहिला प्रतिस्पर्धी ठरतो. रोमच्या निरोने इ.स. 55 मध्ये सावत्रभाऊ ब्रिटानिकसला विष घातल्याचे सांगतात. 59 मध्ये त्याने जन्मदात्या आईला मारवले.

आपल्याकडे मात्र 'ध'चा 'मा' केल्याची कथा सांगून सारा दोष एका अक्षरावर आणि आनंदीबाई नावाच्या एका बाईवर ढकलला जातो. सत्तेची ती रचना निर्दोष सुटते.

शिक्षा कोणाला झाली? रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावाला देहान्त प्रायश्चित्त सांगितले. त्यांचे धैर्य खरे. पण तो निवाडा अमलात आला नाही. रघुनाथराव पेशवा झाला, 1775 मध्ये सुरतेस इंग्रजांशी तह करून बसला आणि 1783 मध्ये कोपरगावी आजारपणाने मेला. देहदंड भोगला तो गारद्यांपैकी काहींनी आणि तुळाजी पवार या सेवकाने. हात पकडले गेले; ज्याच्यासाठी ते उठले तो मोकळा राहिला.

रोममध्येही हाच न्याय! इ.स. 61 मध्ये पेडानिअस सेकुंडस या अधिकाऱ्याला एका गुलामाने मारले, म्हणून त्याच्या घरातले 400 गुलाम ठार केले गेले. त्याच सिनेटने निरोच्या मातृहत्येनंतर देवांचे आभार मानले होते.

शनिवारवाड्यात त्या दिवशी अकरा माणसे मेली. धन्याच्या अंगावर आडवा पडलेला चापाजी टिळेकर त्यांत होता, दोन दासीही होत्या. पेशव्याचे नाव शाळेतले प्रत्येक पोर सांगते. त्या दासींची नावे किती शिक्षकांनी कधी विचारली?

कायद्यापुढे सर्व समान, हे संविधानाचे 14 वे कलम आपण पाठ करतो. कायदा वाड्याच्या उंबरठ्यावर थबकला की काय होते, हे ज्याला कळले त्यालाच त्या कलमाची किंमत कळेल.