जुन्या कपड्यांची अडत

बारामती-इंदापूरच्या बाजार समित्यांत अडत्या शेतकऱ्याचा माल विकून देतो, पण विक्री होईपर्यंत मालकी शेतकऱ्याचीच राहते. वापरलेले कपडे ठेवून घेऊन ते खपल्यावर कमिशन कापून मूळ मालकाला पैसे देणाऱ्या दुकानाचा, म्हणजे कन्साइनमेंट स्टोअरचा, व्यवहार याच तत्त्वावर चालतो. बोहारीण मात्र जुन्या लुगड्या-पातळांच्या बदल्यात तिथल्या तिथे स्टीलचे भांडे देते आणि माल न खपण्याची जोखीम गाठोड्यासह स्वतःच्या डोक्यावर घेते, म्हणून तिची घासाघीस रास्तच ठरते. पारख दोन्हीकडे सारखीच, कारण कापड आधी कॉलरच्या घडीवर, काखेत आणि साडीच्या फॉलजवळ विरते व उजेडासमोर धरल्यास ती विरळ जागा लगेच दिसते. विरलेले सुती पातळही वाया जात नाही. त्याचे थर धावदोऱ्याने शिवून गोधडी होते.