अहवाल एक की अनेक?

कचेरीत आपण 'अहवाल सादर' करतो. कागद एकच असतो, शब्द मात्र मुळात अनेकवचनी आहे : अरबीत 'हाल'चं अनेकवचन 'अहवाल'. अरबी नामांविषयीच्या बऱ्याच समजुती अशा आपल्या तोंडच्या शब्दांवरच तपासून पाहता येतात.

गैरसमज : 'इस्म' म्हणजे आपलं नाम.
वस्तुस्थिती : 'नाम'प्रमाणेच 'इस्म'चाही एक अर्थ 'नाव' असा आहे. पण अरबी वैयाकरणांनी शब्दांच्या तीनच जाती मानल्या : इस्म, फिअल म्हणजे क्रियापद, आणि हर्फ म्हणजे अव्ययासारखे छोटे शब्द. त्यामुळे आपली विशेषणं आणि सर्वनामंही तिथे इस्मच्याच पंगतीला बसतात.

गैरसमज : शेवट पाहिला की लिंग कळतं.
वस्तुस्थिती : लिंगं दोनच, नपुंसकलिंग नाही. शब्दाच्या शेवटी येणारं 'ता मरबूता' हे चिन्ह बहुधा स्त्रीलिंग दाखवतं. 'मदरसा' आणि 'कायदा' तिकडे स्त्रीलिंगी. मराठीत आल्यावर 'घोडा', 'आंबा' यांच्या रांगेत बसून पुल्लिंगी झाले. पण हेच चिन्ह असूनही 'खलीफा' पुल्लिंगी, आणि काहीही खूण नसताना 'शम्स' म्हणजे सूर्य स्त्रीलिंगी!

गैरसमज : एकापुढे सगळं अनेकवचन.
वस्तुस्थिती : मध्ये द्विवचन आहे. संस्कृत शिकलेल्याला ते नवं वाटणार नाही. नोकरीसाठी आखातात जाणाऱ्यांच्या बोलण्यातलं बहारीन हे त्याचंच उदाहरण : 'बहर' म्हणजे समुद्र, 'बहरैन' म्हणजे दोन समुद्र.

गैरसमज : अनेकवचनं घोकावीच लागतात, त्यांना ताळतंत्र नाही.
वस्तुस्थिती : काही नामांना नुसता प्रत्यय लागतो : 'मुस्लिम'चं 'मुस्लिमून', स्त्रियांसाठी 'मुस्लिमात'. बाकीची आतून मोडून नव्याने बांधली जातात, पण ठरावीक साच्यांत. कोणत्या शब्दाला कोणता साचा, हे मात्र पाठच करावं लागतं. एक साचा असा : आधी 'अ', मग मुळातली दोन व्यंजनं, मग 'आ', मग तिसरं व्यंजन. ख-ब-र घातलं की 'अखबार', म्हणजे खबरी. व-ल-द घातलं की 'अवलाद', आपली औलाद. व-क-त घातलं की 'अवकात', म्हणजे वेळा. आपण ज्याची 'औकात' काढतो, तो शब्द हाच. 'हाल'चं मूळ ह-व-ल, म्हणून 'अहवाल'. आपण हे सगळे एकवचनी करून टाकले.

गैरसमज : 'अब्दुल' हे एक पूर्ण नाव.
वस्तुस्थिती : 'अब्द' म्हणजे दास, 'उ' हा प्रथमेसारख्या विभक्तीचा स्वर, आणि 'ल' हे पुढच्या शब्दाचं 'अल', म्हणजे 'तो विशिष्ट'. 'अब्दुल करीम' म्हणजे 'त्या उदाराचा दास'. नुसतं 'अब्दुल' म्हटलं, तर वाक्य 'चा'वरच तुटतं. 28 अक्षरांपैकी 14 अक्षरांपुढे हा 'ल' विरघळतो आणि पुढचं अक्षर दुप्पट होतं, म्हणून 'अब्दुल रहमान' नव्हे, 'अब्दुर्रहमान'.

गैरसमज : विभक्तीचे स्वर सगळेच अरब बोलतात.
वस्तुस्थिती : विभक्त्या तीन, त्यांच्या खुणा बहुधा उ, अ आणि इ. ग्रंथांत आणि औपचारिक भाषणात त्या दिसतात; रोजच्या बोलींत जवळजवळ गळून गेल्या आहेत. पण कामाचा 'बिस्मिल्ला' करताना 'बि' या अव्ययामुळे 'इस्मु'चं 'इस्मि' होतं. तो 'इ' आजही सगळ्यांच्या ओठी आहे, आपल्याही.