लोखंडी शिलालेख

मी मराठीचा प्राध्यापक. वाहनांशी माझा संबंध सायकलपुरता. त्यामुळे गेल्या वैशाखात भाचा दारात येऊन म्हणाला, “मामा, ट्रकचा जुना एक्सल घ्यायचाय, बरोबर चला,” तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी हसू लपवायला पदर तोंडाला लावला.

“अरे, मला काय कळतंय त्यातलं?”

“तुम्ही झिजलेले शिलालेख वाचता ना? हेही तसंच आहे.”

भाच्याचा एकच मालट्रक. लासलगावचा कांदा वाशीला उतरवायचा आणि परतताना सिमेंट भरून कसारा घाट चढायचा. त्याच घाटात मागच्या एक्सलमधले दाते तुटले, वरच्या कवचालाही तडा गेला. अकरा दिवस गाडी उभी, आणि बँकेचा हप्ता काही उभा राहत नाही! नवा एक्सल परवडेना. खिशात होते ते ताईने पाटल्या गहाण टाकून दिलेले पैसे. आता मात्र मी चपला घातल्या.

मेस्त्रीने चिठ्ठी दिली होती : ‘४१/६’. भाच्याने वाटेत अर्थ सांगितला. एक्सलच्या पोटात क्राउन नावाचे मोठे चक्र असते, त्याला ४१ दाते. त्याला फिरवणारे लहान चक्र पिनियन, त्याला ६. म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा जवळजवळ सात वेळा फिरतो, तेव्हा चाक एकदा फिरते. हाच ओढीचा हिशेब.

“मग सरळ ४२ दाते का नाहीत? भागाकार तरी सोपा झाला असता!”

“मग पिनियनचा एक दाता क्राउनच्या त्याच सात दात्यांवर आयुष्यभर घासत बसेल. ४१ असले की प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते. झीज सारखी होते.”

शेजारधर्माचे इतके चोख गणित मी प्रथमच ऐकत होतो.

भंगारबाजारातल्या चाचांनी एक एक्सल दाखवला. डिझेलच्या फडक्याने काजळी पुसताच अक्षरे उमटली. काही उठावाची, काही ठोकलेली. उठावाची अक्षरे साच्यातूनच आलेली. ती कवचाची जात सांगतात, पण एकाच जातीच्या कवचात निरनिराळ्या दात्यांच्या जोड्या बसतात. पत्र्याच्या बिल्ल्यावर मात्र स्पष्ट ठोकले होते : ४१/६. भाच्याचा हात खिशाकडे गेला.

मी तो धरला. पोथीचे वेष्टन एका ग्रंथाचे आणि आतली पाने दुसऱ्याच ग्रंथाची, हा अनुभव मला नवा नव्हता.

“न उघडता आतले दाते मोजता येतील?”

“येतील की!” भाचा म्हणाला.

प्राध्यापकाच्या खिशात खडू असतोच. दोन्ही ड्रमवर आणि पिनियनच्या तोंडावर खुणा केल्या. दोन पोरांनी ड्रम धरले. ते बरोबरीने फिरले पाहिजेत. एक अडला तर दुसरा दुप्पट फिरतो आणि हिशेब बिघडतो. ड्रमच्या सहा फेऱ्यांत पिनियनचे बरोबर ४१ फेरे व्हायला हवे होते. मी मोठ्याने मोजत होतो. सहावा फेरा पुरा झाला तेव्हा आकडा होता जेमतेम ३५!

भाचा मटकन खाली बसला. आत ४१ आणि ७ दात्यांची जोडी होती. कुणीतरी कधीतरी पोट बदलले होते, बिल्ला तसाच राहिला होता. हा एक्सल सपाट रस्त्यावर गाडी जोरात पळवील. पण भरल्या गाडीने कसारा चढताना इंजिनाचा जीव काढील. शिवाय वेगाचा काटाही खऱ्यापेक्षा कमी दाखवील.

चाचा बिचारे खजील झाले. “प्रोफेसरसाब, बिल्ला मैंने भी सच माना था,” असे म्हणून त्यांनी कोपऱ्यातला दुसरा एक्सल ओढला. त्याला बिल्लाच नव्हता. पुन्हा खडू, पुन्हा फेरे. छत्तीस... एकोणचाळीस... चाळीस... ड्रमवरची खूण सहाव्यांदा वर आली आणि भाचा माझ्याआधीच ओरडला, “एक्केचाळीस!”

चौथ्या रात्री ताईचा फोन आला. “गाडी घाट चढून वर आली रे. आता हप्ताही चढेल.” मग थांबून म्हणाली, “पाटल्या दिवाळीपर्यंत सुटतील म्हणतोय.”

भाऊबीजेला ओवाळताना ताईच्या हातांकडे माझे आधी लक्ष जाणार आहे.