पाळीआधीचे दिवस आणि भाताचे ताट

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात रोवणीच्या दिवसांत बाया सकाळीच भात-चटणी खाऊन बांधीतल्या चिखलात उतरतात. कंबर धरते, अंग जड होते, चिडचिड होते. बोल रोवणीला लागतो. पण हाच त्रास दर महिन्याला पाळीच्या आठ-दहा दिवस आधी येऊन पाळी लागताच ओसरत असेल, तर तो एकट्या रोवणीचा नव्हे.

बाईला असले काही विचारायची रीतच नव्हती. याच जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. आधी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली छापून आला. तो पाळीआधीच्या त्रासाचा नव्हता, पण बाया किती मुकाट सोसतात हे त्याने आकड्यांत मांडले.

‘हार्मोन्सचा तोल राखणारा आहार’ हल्ली जोरात खपतो. त्यावर फार भुलू नये. त्रास होणाऱ्या आणि न होणाऱ्या स्त्रियांच्या रक्तातली हार्मोन्स बहुधा सारखीच असतात. त्यांच्या चढउताराला मेंदू किती हळवेपणाने दाद देतो, यात फरक असतो.

मग खाण्याचा संबंध कुठे? सर्वांत भक्कम पुरावा कॅल्शियमचा. अमेरिकेत १९९८ साली ४६६ स्त्रियांवर चाचणी झाली. रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांचा त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत ४८ टक्क्यांनी घटला. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचाही ३० टक्क्यांनी घटला, ही त्यातली गंमत.

प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते आणि भातात ते नावापुरते. दूध घरोघरी परवडत नाही. पण गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातली बारकी मासळी काट्यासकट खाल्ली, तर कॅल्शियम पोटात जाते. तीळ, नाचणी आणि कुंपणावरच्या शेवग्याचा पाला हेही त्यातलेच. तंबाखू-सुपारीच्या खर्र्यातला चुना मात्र यात धरू नये!

थकव्याचे खापर मात्र पाळीवर फोडण्याआधी रक्त तपासावे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. जेवणासोबतचा चहा अन्नातले लोह नीट अंगी लागू देत नाही, म्हणून तो तासाभराने घेतलेला बरा. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन महिने त्रासाच्या दिवसांवर खुणा केल्या, तर डॉक्टरपुढे ठेवायला तेवढा कागद पुरतो.